पार्लमेंटरी बोर्ड, वर्किंग कमिटी आणि नागपूरचे डॉ. खरे प्रकरण

१७ ऑगस्ट २०२२ रोजी भारतीय जनता पक्षाने आपल्या केंद्रीय संसदीय मंडळाची आणि केंद्रीय निवडणूक समितीची नवी यादी जाहीर केली, तेव्हा नागपुरात ती लग्नपत्रिकेतल्या ‘आपले विनीत’ या रकान्यासारखी वाचली गेली. कोणाचे नाव आहे आणि कोणाचे गळले, एवढेच बहुतेकांनी पाहिले. नितीन गडकरी संसदीय मंडळातून बाहेर पडले होते आणि देवेंद्र फडणवीस निवडणूक समितीत आले होते. एक नागपूरचे खासदार, माजी राष्ट्रीय अध्यक्ष. दुसरे नागपूर दक्षिण-पश्चिमचे आमदार आणि जेमतेम दीड महिन्यापूर्वी उपमुख्यमंत्री झालेले. ‘आपल्या माणसाले काढलं ना बाप्पा’ आणि ‘आपलाच माणूस घेतला ना मग’ ही दोन्ही वाक्ये मी त्या संध्याकाळी धरमपेठेत एकाच टपरीवर ऐकली. गडकरींना का वगळले यावर पुढे बरेच दिवस तर्क लढवले गेले. मला मात्र त्या तर्कांपेक्षा, ज्या मंडळातून एखाद्याला वगळले की देशभर बातमी होते, ते मंडळ प्रत्यक्षात काम कसे करते, हा प्रश्न अधिक मोलाचा वाटतो. त्याचे उत्तर शोधताना दिल्लीबरोबर नागपूर आणि वर्धा इथला काँग्रेसचाही जुना इतिहास चाळावा लागतो, म्हणून हा लेख.

आधी कागदावर काय आहे ते पाहू. भाजपच्या घटनेनुसार संसदीय मंडळ राष्ट्रीय कार्यकारिणीने स्थापन करायचे असते. त्यात पक्षाध्यक्ष आणि इतर दहा सदस्य असतात, अध्यक्षच मंडळाचे प्रमुख असतात आणि महामंत्र्यांपैकी एकाकडे सचिवाचे काम असते. संसदेतील आणि विधिमंडळांतील पक्षाच्या गटांवर देखरेख ठेवणे, मंत्रिमंडळ बनवताना मार्गदर्शन करणे, लोकप्रतिनिधींच्या शिस्तभंगाची प्रकरणे हाताळणे, अशी त्याची कामे आहेत. केंद्रीय निवडणूक समिती ही याच मंडळाला आणखी काही सदस्य जोडून बनते, आणि लोकसभा व विधानसभांच्या उमेदवारांवर शेवटची मोहोर तिची असते. म्हणजे नेता कोण आणि उमेदवार कोण, हे दोन प्रश्न या दोन टेबलांवर सुटतात. बाकी धोरणे, ठराव, आंदोलने यांच्यासाठी कार्यकारिणी आहे, परिषद आहे, जाहीरनामा समिती आहे. पण ज्याच्या हाती तिकीट आणि पद, त्याच्याच हाती पक्ष, हे राजकारणात वावरणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही.

कागद आणि व्यवहार यांतले अंतर पहिल्याच वाक्यापासून सुरू होते. मंडळ कार्यकारिणीने स्थापन करायचे असले, तरी यादी अध्यक्षांच्या नावाने जाहीर होते. शिवाय मंडळातल्या सगळ्या जागा भरलेल्या असाव्यातच असा आग्रहही कोणी धरलेला दिसत नाही. वेंकय्या नायडू २०१७ साली उपराष्ट्रपती झाले, अनंतकुमार, सुषमा स्वराज आणि अरुण जेटली यांचे निधन झाले, थावरचंद गेहलोत २०२१ मध्ये राज्यपाल होऊन गेले, आणि या साऱ्या जागा २०२२ च्या फेररचनेपर्यंत रिकाम्याच राहिल्या. गेहलोत गेल्यावर मंडळात सात जण उरले होते: तेव्हाचे पक्षाध्यक्ष जगतप्रकाश नड्डा, नरेंद्र मोदी, राजनाथ सिंह, अमित शहा, नितीन गडकरी, शिवराजसिंह चौहान आणि संघटन महामंत्री बी. एल. संतोष. २०१७ ते २०२२ या काळात २०१९ ची लोकसभा जिंकली गेली, राज्याराज्यांत मुख्यमंत्री बदलले गेले, आणि रिकाम्या खुर्च्यांमुळे कोणताही निर्णय अडला नाही. ज्या संस्थेच्या अनेक जागा इतका काळ रिकाम्या राहूनही कामात खंड पडत नाही, तिथे निर्णय त्या खोलीत होतात की आधीच होऊन तिथे येतात, अशी शंका घेणे गैर म्हणता येणार नाही.

२०२२ च्या यादीत येडियुरप्पा, सर्बानंद सोनोवाल, के. लक्ष्मण, इक्बालसिंग लालपुरा, सुधा यादव आणि सत्यनारायण जटिया ही सहा नवी नावे आली. कर्नाटक, आसाम, तेलंगण, पंजाब, हरियाणा, मध्य प्रदेश असा विस्तार त्यात दिसतो; वेगवेगळ्या समाजघटकांना स्थान देण्याचा हेतूही स्पष्ट आहे. चौहान वगळले गेल्यामुळे पदावर असलेला एकही मुख्यमंत्री मंडळात उरला नाही. प्रतिनिधित्व वाढले हे खरेच. परंतु ज्याच्याकडे स्वतःचे राज्य, स्वतःची माणसे आणि नाही म्हणण्याची थोडीफार ताकद आहे असे लोक कमी झाले, हेही तितकेच खरे. सर्वांना सामावून घेणारे मंडळ आणि वाद घालू शकणारे मंडळ या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि सत्तेवर असलेला कोणताही पक्ष यांपैकी पहिलीच अधिक सहजतेने स्वीकारतो.

बैठकीची रीत साधारणपणे सर्वांना ठाऊक आहे. राज्याची सुकाणू समिती, म्हणजे कोअर कमिटी, प्रत्येक मतदारसंघासाठी दोन-तीन नावे काढते, प्रदेश पातळीवर त्यांची छाननी होते, सोबत सर्वेक्षणांचे अहवाल जोडले जातात, आणि मग दिल्लीत दीनदयाळ उपाध्याय मार्गावरच्या मुख्यालयात एकेका राज्याचा नंबर लागतो. मतदान होत नाही. हात वर होत नाहीत. बाहेर येणारे प्रसिद्धिपत्रक ‘सर्वानुमते’ या शब्दाशिवाय पूर्ण होत नाही. वर्तमानपत्राच्या डेस्कवर अनेक वर्षे बसून मी ही पत्रके संपादित केली आहेत, आणि कोणत्याही पक्षाच्या अशा पत्रकात कोणा सदस्याचे वेगळे मत नोंदवलेले मला कधी आढळले नाही. नेता निवडीची रीत याहून संक्षिप्त असते. केंद्रातून निरीक्षक येतात, आमदारांची बैठक होते, एक नाव सुचवले जाते, अनुमोदन मिळते, टाळ्या होतात. १२ डिसेंबर २०२३ रोजी जयपूरमध्ये राजनाथ सिंह निरीक्षक म्हणून बसले होते आणि दोन वेळा मुख्यमंत्री राहिलेल्या वसुंधरा राजे यांनी हातातली चिठ्ठी उघडून नाव वाचले. ते नाव होते पहिल्यांदाच आमदार झालेल्या भजनलाल शर्मा यांचे. ते दृश्य देशाने दूरचित्रवाणीवर पाहिले. चिठ्ठी उघडतानाचा तो क्षण अनेकांनी राजे यांच्या चेहऱ्यासाठी पुन्हा पुन्हा पाहिला. मी मात्र त्या कागदाकडे पाहत होतो, कारण आमदारांचा निर्णय तिथे घडीत बंद होऊन आला होता.

महाराष्ट्राने याचे अधिक तीव्र रूप ३० जून २०२२ रोजी अनुभवले. दुपारी फडणवीसांनी एकनाथ शिंदे मुख्यमंत्री होतील आणि आपण स्वतः सरकारबाहेर राहू असे जाहीर केले. शपथविधीच्या थोडे आधी नड्डा यांनी दूरचित्रवाणीवरून सांगितले की फडणवीसांनी उपमुख्यमंत्री व्हावे असा केंद्रीय नेतृत्वाचा निर्णय आहे, आणि संध्याकाळी साडेसातच्या सुमारास त्यांनी शपथ घेतली. वरून आलेला निरोप खासगीत पाळला जातो, ही नित्याची गोष्ट. तो सर्वांदेखत दिला जाणे आणि सर्वांदेखत पाळला जाणे ही विरळ गोष्ट होती. या साऱ्याकडे भाजपचा खास स्वभाव म्हणून पाहण्याची आपल्याकडे सवय आहे. पण ‘हायकमांड’ ही संस्था भाजपने घडवलेली नाही, आणि तिच्या घडणीचा मोठा भाग याच शहराच्या परिसरात पार पडला आहे.

डिसेंबर १९२० मध्ये काँग्रेसचे अधिवेशन नागपुरात भरले. अध्यक्ष सी. विजयराघवाचारियर होते आणि स्वागताध्यक्ष जमनालाल बजाज. असहकाराचा ठराव आणि जिनांचा विरोध यांमुळे ते अधिवेशन लक्षात राहिले आहे. काँग्रेसनगर हे नाव त्याचीच आठवण असल्याचे जुने लोक सांगतात. मात्र संघटनेच्या दृष्टीने त्याचे मोठे काम वेगळे होते. गांधीजींनी सिद्ध केलेली नवी पक्षघटना तिथे मंजूर झाली. चार आणे वर्गणीचे सभासदत्व आले, भाषावार प्रांतिक समित्या आल्या, ३५० जणांची अखिल भारतीय काँग्रेस समिती आली आणि तिच्या माथ्यावर १५ जणांची वर्किंग कमिटी आली. त्याआधीची काँग्रेस वर्षातून एकदा नाताळच्या सुट्टीत भरणारी सभा होती. वर्किंग कमिटीमुळे तिला बाराही महिने निर्णय घेणारे डोके मिळाले. त्याच घटनेतल्या भाषावार रचनेने पुढे अठरा वर्षांनी नागपुरातच एक पेच उभा केला, तो विलक्षण आहे.

१९३७ च्या निवडणुकांनंतर मध्य प्रांत व वऱ्हाडात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले आणि नागपूरचे डॉ. नारायण भास्कर खरे पंतप्रधान झाले. प्रांताच्या प्रमुखाला तेव्हा पंतप्रधानच म्हणत. प्रांत एक होता, पण १९२० च्या रचनेमुळे त्यात काँग्रेसच्या प्रांतिक समित्या तीन होत्या: महाकोशल, नागपूर आणि विदर्भ. मंत्रिमंडळातही हिंदी भाषक महाकोशलचे रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि दु. का. मेहता एका बाजूला आणि मराठी भाषक खरे, गोळे आणि देशमुख दुसऱ्या बाजूला, अशी उभी फूट पडत गेली. हा तंटा सोडवू शकेल अशी एक प्रांतिक समितीच अस्तित्वात नव्हती, त्यामुळे तो थेट वर गेला. वर म्हणजे काँग्रेसच्या पार्लमेंटरी उपसमितीकडे, जिच्यात सरदार पटेल, राजेंद्रप्रसाद आणि मौलाना आझाद होते. मे १९३८ मध्ये पचमढीला सर्वांना बसवून समेट घडवण्यात आला. तो काही आठवडेही टिकला नाही.

२० जुलै १९३८ रोजी खऱ्यांनी राजीनामा दिला. गोळे आणि देशमुख यांनीही दिला. हेतू उघड होता: पंतप्रधानाने राजीनामा दिला की मंत्रिमंडळ संपते आणि त्याला नको असलेल्या मंत्र्यांना वगळून नवे बनवता येते. संसदीय रूढीला धरूनच हे होते. शुक्ल, मिश्र आणि मेहता यांनी मात्र राजीनामा देण्यास नकार दिला. पार्लमेंटरी उपसमितीचा आदेश आल्याशिवाय आपण पद सोडणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. या एका उत्तरात पुढच्या ऐंशी-पंचाऐंशी वर्षांचे भारतीय पक्षीय राजकारण सामावले आहे असे मला वाटते. मंत्री कोणाचा? ज्या पंतप्रधानाच्या मंत्रिमंडळात तो बसतो त्याचा, की ज्या पक्षसमितीने त्याला तिथे बसवले तिचा?

गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांनी त्या रात्रीच पुढची पावले उचलली, तिघांना पदमुक्त केले आणि २१ तारखेला खऱ्यांच्या नव्या मंत्रिमंडळाला शपथ दिली. गव्हर्नराच्या हातून काँग्रेसचे मंत्री दूर होणे हा वर्ध्याच्या, म्हणजे काँग्रेस श्रेष्ठींच्या, दृष्टीने मूळ भांडणाहून मोठा अपराध ठरला. पार्लमेंटरी उपसमितीने खऱ्यांना बोलावून घेतले आणि २३ जुलैला त्यांनी पुन्हा राजीनामा दिला, या वेळी आपल्याच तीन दिवसांच्या मंत्रिमंडळाचा. पाठोपाठ सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखालील वर्किंग कमिटीने वर्ध्यात ठराव करून खऱ्यांना गंभीर चुकांबद्दल आणि शिस्तभंगाबद्दल दोषी ठरवले, काँग्रेस संघटनेत जबाबदारीचे पद धारण करण्यास अपात्र म्हटले, आणि रात्रीचा दिवस करून घाई केल्याबद्दल गव्हर्नरालाही बोल लावला. जुलै संपण्यापूर्वी विधिमंडळ पक्षाने रविशंकर शुक्लांना नेता निवडले.

आमच्या घरात आजोबांच्या पिढीत खरे हा विषय निघाला की जेवण लांबायचे. मराठी माणसाचा अन्याय म्हणून ती कथा सांगितली जाई, आणि नागपुरात ती आजही बहुधा तशीच सांगितली जाते. भाषेचा रंग त्यात होता यात शंका नाही. तरीही केवळ तेवढ्याच रंगात ती पाहिली की तिचा खरा अर्थ निसटतो. खऱ्यांचे तत्त्व बरोबर होते असे माझे मत आहे: कायदेमंडळाला उत्तरदायी असलेल्या प्रमुखाला आपले सहकारी निवडता आले पाहिजेत. त्यांची पद्धत मात्र चुकीची होती; ज्या पक्षाच्या बळावर निवडून आलो त्याला अंधारात ठेवून, ज्या राजवटीशी तो पक्ष लढतो आहे तिच्या गव्हर्नराच्या साह्याने, रात्रीतून मंत्रिमंडळ बदलणे हा डाव त्यांच्या तत्त्वालाच मारक ठरला. दुसऱ्या बाजूने वर्किंग कमिटीचा युक्तिवादही पोकळ नव्हता. मतदारांनी खऱ्यांना किंवा शुक्लांना नव्हे, काँग्रेसला मते दिली होती, उमेदवार काँग्रेसने ठरवले होते, आणि मंत्रिपदे ही स्वराज्याच्या लढ्यातली एक चौकी म्हणून स्वीकारली होती.

या प्रकरणावरून वर्किंग कमिटीवर फॅसिझमचा आरोप झाला, तेव्हा गांधीजींनी ऑगस्ट १९३८ मध्ये ‘हरिजन’मध्ये तिच्या कामाबद्दल लेख लिहून उत्तर दिले. साम्राज्याशी झुंजणाऱ्या संघटनेला लढाऊ फौजेसारखी एकसूत्री शिस्त हवी, असा त्याचा गाभा आहे. गांधीजी स्वतः १९३४ पासून काँग्रेसचे सभासदही नव्हते, तरी खऱ्यांच्या प्रकरणात सेवाग्रामचा शब्द कोणत्याही सदस्याच्या मतापेक्षा जड होता; केंद्रीय समितीचा खरा कौल कधी कधी समितीच्या यादीबाहेर असतो, हेही तिथेच दिसले. (आज नागपूरकर रेशीमबाग आणि महाल, म्हणजे राष्ट्रीय स्वयंसेवक संघ, यांच्याबद्दल याच सुरात बोलतात. त्यातले किती खरे आणि किती हौसेने रंगवलेले, हे ठरवण्याइतका पुरावा बोलणाऱ्यांपाशी क्वचितच असतो; संघटन महामंत्रिपदावर परंपरेने संघाचा प्रचारक येतो आणि ती व्यक्ती संसदीय मंडळात बसते, एवढी गोष्ट मात्र उघड आहे.) गांधीजींचे उत्तर लढाऊ संघटनेपुरते मान्य केले, तरी लढाई संपल्यावर त्या शिस्तीचे काय करायचे, हा प्रश्न उरतोच.

त्याचा पहिला अनुभव काँग्रेसला लगेच आला. समितीतली मोठी माणसे सरकारात गेली आणि समिती पोरकी झाली. आचार्य कृपलानी यांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये अध्यक्षपद सोडले, तेव्हा सरकार पक्षाध्यक्षाला विश्वासात घेत नाही हीच त्यांची तक्रार होती. पुढे १९५० मध्ये पुरुषोत्तमदास टंडन निवडून आले, नाशिकच्या अधिवेशनात अध्यक्ष म्हणून बसले, आणि पुढच्याच वर्षी नेहरूंनी वर्किंग कमिटीचा राजीनामा देऊन पेच टाकल्यावर सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांना पायउतार व्हावे लागले. नेहरू स्वतःच अध्यक्ष झाले. १९३८ मध्ये समितीने पंतप्रधानाला घरी पाठवले होते. १९५१ मध्ये पंतप्रधानाने समितीच्या अध्यक्षाला घरी पाठवले.  मधल्या तेरा वर्षांतला मुख्य बदल हा की मते मागण्याचे सामर्थ्य आता समितीकडून एका माणसाकडे गेले होते.

अशा मंडळात खरेखुरे मतदान झाले की काय होते, याचे उदाहरण जुलै १९६९ चे बंगळूर आहे. राष्ट्रपतिपदाचा उमेदवार ठरवण्यासाठी काँग्रेसचे पार्लमेंटरी बोर्ड बसले आणि नीलम संजीव रेड्डी यांच्या बाजूने चार, जगजीवनराम यांच्या बाजूने दोन अशी मते पडली. यशवंतराव चव्हाणांचे मत रेड्डींच्या बाजूने गेले, आणि त्या मताचा हिशेब मराठी राजकारणात पुढे अनेक वर्षे मांडला गेला. पंतप्रधान इंदिरा गांधी अल्पमतात गेल्या. त्यांनी तो निकाल मानला नाही, ऑगस्टमध्ये व्ही. व्ही. गिरी निवडून आले, नोव्हेंबरच्या पहिल्या दिवशी दिल्लीत वर्किंग कमिटीच्या दोन वेगवेगळ्या बैठका भरल्या, १२ नोव्हेंबरला इंदिराजींची हकालपट्टी झाली आणि पक्ष दुभंगला. त्या धड्यानंतर कोणताही सत्ताधारी पक्ष वरच्या खोलीत मते मोजत नाही, यात नवल नाही. नरसिंह रावांनी एप्रिल १९९२ मध्ये तिरुपतीला वर्किंग कमिटीच्या निवडणुका घेण्याचे धाडस केले, तेव्हा अर्जुनसिंह आणि शरद पवार निवडून आले. मग निवडून आलेल्यांत दलित, आदिवासी किंवा स्त्री नाही असे कारण पुढे करून सर्वांचे राजीनामे घेण्यात आले आणि अध्यक्षांनी नियुक्त्या केल्या. कारण अगदीच खोटे नव्हते. सोयीचे मात्र भरपूर होते.

हा इतिहास डोळ्यांसमोर ठेवला की भाजपच्या मंडळाचा प्रवासही ओळखीचा वाटू लागतो. विरोधी बाकांवर असताना त्या मंडळात घासाघीस होत असे: जून २०१३ मध्ये लालकृष्ण अडवाणींनी सर्व पदांचे राजीनामे दिले, मंडळाने ते फेटाळले, आणि १३ सप्टेंबरला मोदींच्या नावाची घोषणा झालेल्या बैठकीला ते गेले नाहीत. सत्ता आल्यावर ऑगस्ट २०१४ मध्ये वाजपेयी, अडवाणी आणि मुरली मनोहर जोशी ज्येष्ठांसाठीच्या मार्गदर्शक मंडळात गेले. २०१९ पासून पंतप्रधान, गृहमंत्री आणि संरक्षणमंत्री हेच सरकारातही आणि मंडळातही प्रमुख राहिले. जून २०२४ पासून तर पक्षाध्यक्ष नड्डा केंद्रीय मंत्रीही होते. सरकारने पक्षाला विचारले पाहिजे आणि पक्षाने सरकारला जाब विचारला पाहिजे, असे म्हणताना विचारणारा आणि उत्तर देणारा एकाच खुर्चीत बसलेला असतो. यात लबाडी आहे असे मी म्हणत नाही. जनमताचा कौल एका नेत्याच्या नावावर मिळत असेल, तर कोणतेही मंडळ त्या नेत्याभोवतीच फिरणार. फक्त अशा मंडळाला ‘सामूहिक नेतृत्व’ म्हणणे हे शिष्टाचाराचे बोलणे आहे, हे समजून असावे.

मंडळातली चर्चा कशीही होवो, तिचे जमिनीवरचे रूप म्हणजे एबी फॉर्म. १९६८ च्या निवडणूक चिन्ह आदेशाला संसदीय मंडळ ठाऊक नाही की निवडणूक समिती. त्याला ठाऊक आहे ती एक सही. ‘ए’ फॉर्ममध्ये पक्ष कळवतो की उमेदवारी देण्याचा अधिकार कोणाला दिला आहे आणि त्याच्या सहीचा नमुना कसा आहे. ‘बी’ फॉर्ममध्ये तो अधिकारी उमेदवाराचे आणि पर्यायी उमेदवाराचे नाव लिहितो. सही शाईचीच हवी, रबरी शिक्का चालत नाही, आणि अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत तो कागद निवडणूक अधिकाऱ्यापर्यंत पोहोचावा लागतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये नागपूर जिल्ह्याने या कागदाचे वजन पाहिले. तेव्हाचे ऊर्जामंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांना कामठीतून उमेदवारी नाकारली गेली आणि ती टेकचंद सावरकर यांना मिळाली. मंत्र्याला तिकीट नाही, याचे कारण पक्षाने कधी जाहीरपणे सांगितले नाही. बावनकुळे पक्षातच राहिले, डिसेंबर २०२१ मध्ये विधान परिषदेवर गेले, ऑगस्ट २०२२ मध्ये प्रदेशाध्यक्ष झाले आणि २०२४ मध्ये कामठीतूनच पुन्हा आमदार झाले. ज्या समितीने नाव कापले तिच्याशी भांडण्यापेक्षा तिच्याकडून पुन्हा नाव येण्याची वाट पाहणे शहाणपणाचे असते, हा धडा जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांनी यातून घेतला असावा. महापालिकेच्या तिकिटासाठी ताटकळणारे इच्छुक बावनकुळेंचा दाखला देताना मी ऐकले आहेत.

कायद्यानेही अखेर पक्षाच्याच पारड्यात वजन टाकले आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने आमदाराला पक्षादेशाशी बांधले. तो आदेश काढायचा कोणी, विधिमंडळातल्या गटाने की बाहेरच्या मूळ पक्षाने, हा प्रश्न महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षात सर्वोच्च न्यायालयापुढे आला, आणि ११ मे २०२३ रोजी घटनापीठाने निर्वाळा दिला की प्रतोद आणि गटनेता नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा नाही. जुलै १९३८ मध्ये शुक्ल, मिश्र आणि मेहता यांनी जी भूमिका घेतली होती, तिच्या बऱ्याच जवळ जाणारी ही मांडणी आहे.

पण पक्ष म्हणजे नेमके कोण, याबद्दल कायदा जवळजवळ गप्प आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे २९-अ कलम नोंदणीसाठी पक्षाकडून भारताच्या संविधानाशी आणि समाजवाद, धर्मनिरपेक्षता व लोकशाही या तत्त्वांशी निष्ठेची हमी मागते. वरच्या मंडळाची बैठक किती दिवसांनी व्हावी, जागा किती काळ रिकाम्या ठेवता येतात, विरोधी मत नोंदवायचे की नाही, यांबद्दल त्यात काही नाही. शिवसेनेच्या नाव आणि चिन्हाच्या वादात १७ फेब्रुवारी २०२३ रोजी आदेश देताना निवडणूक आयोगाला पक्षाच्या घटनेतली अंतर्गत लोकशाही तपासावी लागली. त्याच आदेशात आयोगाने सर्व पक्षांना सल्ला दिला की त्यांनी आपली घटना, संघटनात्मक तपशील, अंतर्गत निवडणुका आणि पदाधिकाऱ्यांची यादी आपापल्या संकेतस्थळावर नियमित प्रसिद्ध करावी. बैठकांचे इतिवृत्त त्या यादीत नव्हते.